देहाची पैसेवारी, अर्थात् वैद्यकीय तपासणीच्या दिवशीं काय काय होतें

पिकाची पैसेवारी म्हणजे काय, हें वऱ्हाडांतील शेतकऱ्यास समजावून सांगावें लागत नाहीं. पीक उभें असतां प्रथम नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि शेवटीं कापणीचे प्रयोग होऊन अंतिम पैसेवारी जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या वर कीं खालीं, याकडे सारा गांव डोळे लावून बसतो. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली, आणि हे तक्ते भरण्यांतच आमची उमेद गेली. परंतु ज्या देहाच्या बळावर तें पीक उभें राहतें, त्या देहाची पैसेवारी आम्हीं वेळेवर काढली नाहीं, आणि आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं तर मुळींच काढली नाहीं. त्याचें फळ आमच्या घरीं आलें, म्हणून हा लेख लिहीत आहों. आम्ही वैद्यक शिकलेलों नाहीं. आमचें शिक्षण गांवच्या मराठी शाळेंतलें. डॉक्टरांकडून जें समजून घेतलें व स्वतः जें अनुभवलें, तेवढेंच येथें सांगतों. औषधोपचार ज्याचे त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारूनच करावे.

आमचे बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते दर्यापूर तालुक्यांत घरची शेती करीत. हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत येतो. अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा गेलेला असून तेथील विहिरींचें पाणी खारट, हें वाचकांस ठाऊक आहेच. दादांची प्रकृति धडधाकट. उन्हातान्हांत राबावें, रात्रीं जागलीस जावें, अंग दुखलें तर दुकानांतून गोळी आणून घ्यावी, असा क्रम चाळीस वर्षें चालला. गेल्या वर्षीं दिवाळीपासून त्यांच्या पायांवर सूज येऊं लागली व अन्नावरची वासना उडाली. वयाचा परिणाम समजून आम्हीं सर्वांनींच तिकडे दुर्लक्ष केलें. माघांत धाप लागूं लागली, तेव्हां त्यांस अमरावतीस आणलें. रक्तदाब निघाला १९०/११०. रक्तांतील क्रिएटिनिन निरोगी माणसांत एकाच्या आसपास असतें, तें निघालें आठाच्या वर. दोन्ही मूत्रपिंडें बव्हंशीं निकामी झालीं होतीं.

डॉक्टरांनीं विचारलें, "यापूर्वीं रक्तदाब केव्हां मोजला होता?"

दादा म्हणाले, "कदीच नाई, डाक्टरसायेब. काई दुखतच नोतं, त मोजाचं कायले?"

हा प्रश्न एकट्या दादांचा नाहीं. आमच्या पट्टीतील दहांपैकीं नऊ शेतकरी हाच प्रश्न करतील, आणि त्या दिवसापर्यंत आम्हीही केला असता. त्याचें उत्तर कपाशीच्या बोंडांत आहे. गुलाबी अळी बोंडांत शिरली कीं तिचें शिरल्याचें छिद्र बुजून जातें आणि बोंड बाहेरून हिरवेंगार दिसत राहतें. म्हणून शहाणा शेतकरी झाडावरचीं चार हिरवीं बोंडें तोडून फोडून पाहतो. बोंड फुटून किडकी सरकी हातीं येण्याची वाट पाहत नाहीं. वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं. आरंभींचा मधुमेह दुखत नाहीं. मूत्रपिंडांचें काम निम्म्यानें घटलें तरी बहुधा माणसास कांहींच जाणवत नाहीं. जें दुखत नाहीं तेंच मोजावें लागतें. जें दुखतें त्यासाठीं आपण आपल्या पायांनीं जातोंच.

दादांस दवाखान्यांत ठेवलें त्याच आठवड्यांत वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, यायचं त जे झालं थे झालं, तुमी तरी तपासून घ्या." आम्हीं नोकरीस लागतांना जिल्हा शल्यचिकित्सकांचा योग्यतेचा दाखला घेतला होता, त्यानंतर अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होईपर्यंत आपण होऊन एकदांही तपासणी केली नव्हती. खरें सांगावयाचें तर वेळ नव्हता असें नाहीं; कांहीं निघेल ही भीति होती. ही भीति बहुतेकांस असते, आणि तेथें काय काय होतें हें ठाऊक नसल्यानें ती वाढते. म्हणून त्या दिवसाचा क्रम पुढें देतों.

कोठें जावें

यासाठीं मोठ्या शहरीं धांव घेण्याची गरज नाहीं. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची रक्तदाब, मधुमेह, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचा कर्करोग, अशा पांच बाबींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. उपकेंद्रें व प्राथमिक आरोग्य केंद्रें यांस आतां आयुष्मान आरोग्य मंदिर असें नांव आहे. गांवची आशा स्वयंसेविका घरीं येऊन एक प्रपत्र भरते: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, घरांतील कोणास कोणता आजार. त्यास गुण असतात. ते चारांहून अधिक भरले तर त्या माणसास आधीं बोलावतात. पुष्कळ लोक हें प्रपत्र जनगणनेसारखें समजून कांहींतरी सांगून मोकळे होतात. तसें करूं नये. महाराष्ट्र शासनानें १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार नि:शुल्क केले. अमरावतीचें जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्यास लोक अजून इर्विन म्हणतात, आणि स्त्रियांचें डफरीन, हीं याच विभागाकडे आहेत. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय निराळ्या खात्याकडे असल्यानें तेथील शुल्काची चौकशी आधीं करावी.

आदल्या रात्रींची तयारी

उपाशीं पोटाची साखर पाहावयाची असल्यास रात्रीचें जेवण आठ-नऊ वाजतां आटोपावें आणि सकाळीं रक्त देईपर्यंत साध्या पाण्याशिवाय कांहीं घेऊं नये. चहा म्हणजे जेवण नव्हे, असें आपणांस वाटतें. परंतु त्यांत साखर व दूध असतें आणि त्यानें आंकडा बिघडतो. रक्तदाब मोजण्यापूर्वीं निदान अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू, खर्रा यांस शिवूं नये. चालूं असलेलीं औषधें मनानें बंद करूं नयेत. मधुमेहाची गोळी मात्र उपाशीं पोटीं घ्यावी कीं नाहीं, हें आदल्या दिवशीं विचारून ठेवावें. बाह्या सैल असाव्यात. जुने कागद व औषधांचीं वेष्टनें पिशवींत घ्यावीं. तोंडी सांगितलेलें औषधाचें नांव आणि छापील नांव यांत किती फरक पडतो, तें सातबाऱ्यावरील नांवांच्या घोटाळ्यावरून आमच्या वाचकांनीं ओळखावें.

प्रथम जबानी, मग मोजमाप

केसपेपर निघाल्यावर प्रश्न सुरू होतात. आईवडिलांस मधुमेह, रक्तदाब, अर्धांगवायु होता काय? रात्रीं लघवीस किती वेळां उठावें लागतें? वजन घटलें काय? दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय? हा शेवटचा प्रश्न क्षयासाठीं असतो. अंगावर बधिर चट्टा आहे काय, हा कुष्ठासाठीं. येथें मनुष्य संकोचानें खोटें बोलतो. दिवसाला चार खर्रे खाणारा "कधींमधीं" म्हणतो. आम्हीं तलाठ्यापुढें पेरा खोटा लिहविणारे पाहिले आहेत. पुढें पीकविम्याच्या वेळीं तोच खोटा पेरा त्यांच्या आड आला. डॉक्टरांपुढील जबानीही तशीच.

मग उंची, वजन व कंबरेचा घेर. घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आंत असावा. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढें पुढें, असा बांधा आपल्याकडे पुष्कळ दिसतो. त्यास लठ्ठ कोणी म्हणत नाहीं, परंतु मधुमेहाचा धोका त्यास आहेच.

त्यानंतर रक्तदाब. इटलीतील रिव्हा-रोची यांनीं इ. स. १८९६ त दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची युक्ति काढली, आणि रशियांतील कोरोत्कॉफ यांनीं इ. स. १९०५ त नळीनें आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे काढण्याची रीत दाखविली. पट्टा आवळतो त्या वेळीं दंड क्षणभर ताठरतो, यापलीकडे कांहीं होत नाहीं. मोजण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर ठेवलेला, आणि तोंड बंद असावें. एस.टी.तून उतरून धांवत येऊन दंड पुढें केला तर आंकडा चढलेलाच निघणार. १२०/८० च्या आसपास चांगला. १४०/९० किंवा अधिक असा निरनिराळ्या दिवशीं पुनःपुन्हा निघाला तर तो वाढलेला समजतात. एका वेळच्या आंकड्यावरून घाबरूं नये आणि निर्धास्तही होऊं नये; ती नजरअंदाज पैसेवारी आहे.

डॉक्टरांची पाहणी

डॉक्टर खालची पापणी ओढून पाहतात. ती पांढुरकी दिसली तर रक्त कमी असल्याचा संशय येतो. जीभ, नखें, मानेच्या गाठी पाहतात. छातीस नळी लावतात. ही नळी पॅरिसच्या लायेनेक नांवाच्या डॉक्टरांनीं इ. स. १८१६ त प्रथम कागदाची सुरळी करून बनविली. पोट दाबून यकृत व प्लीहा चांचपतात. नडगीवर अंगठा दाबून धरतात. खळगा राहिला तर अंगांत पाणी सांचलें असें समजतात. दादांच्या पायास हा खळगा दिवाळीपासून पडत होता, आणि रोज सायंकाळीं वहिनी तेल लावीत असतां तो दिसतही होता. त्याचा अर्थ घरांत कोणास ठाऊक नव्हता.

तोंडाची तपासणी बॅटरीच्या उजेडांत होते. गालाच्या आंत पांढरा अगर लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, अथवा तीन बोटें उभीं शिरणार नाहींत इतकें तोंड आवळलेलें असणें, हीं चिन्हें खर्रा खाणाऱ्यानें आरशांत स्वतःही पाहावीं.

रक्त आणि लघवी

दंडास रबरी पट्टी बांधून कोपराच्या आंतल्या शिरेंतून दोन-तीन चमचे रक्त घेतात. मुंगी चावल्याहून थोडें अधिक दुखतें. एवढ्या रक्तानें अशक्तपणा येत नाहीं. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ यांहून कमी असेल तर रक्त कमी आहे. उपाशीं पोटाची साखर १०० च्या आंत चांगली. १२६ किंवा अधिक दोनदां निघाली तर मधुमेह. मधली स्थिति म्हणजे बांधावर आलेलें पाणी, तें आंत येण्यापूर्वींच वळवितां येतें. क्रिएटिनिन रक्तांतून आणि प्रथिन लघवींतून पाहतात. खारपाणपट्ट्यांतील, रक्तदाब वा मधुमेह असलेल्या, किंवा अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेणाऱ्या माणसानें या दोन तपासण्या अवश्य मागून घ्याव्या. त्या गोळ्या मूत्रपिंडांस अपाय करतात, हें आम्हांस दादांच्या आजारांत कळलें.

फवारणी करणाऱ्यानें तें आपण होऊन सांगावें. इ. स. २०१७ च्या हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसच्या सुमारास शेतकरी-शेतमजूर दगावले, हें आपण विसरलेलों नाहीं. कांहीं कीटकनाशकांनीं रक्तांतील कोलिनेस्टरेज नांवाचें द्रव्य घटतें. ती तपासणी नेहमींच्या यादींत नसते, डॉक्टरांस माहीत झालें तरच ती होते.

सिकलसेल हा रक्ताचा वंशपरंपरागत आजार मेळघाटांत व एकंदर विदर्भांत आढळतो. त्याच्या निर्मूलनाचें राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजीं सुरू झालें. ही तपासणी जन्मांत एकदां पुरते, आणि ती लग्नापूर्वीं झालेली बरी. कारण दोघेही वाहक असले तर मुलास पूर्ण आजार होण्याचा संभव प्रत्येक खेपेस चारांत एक असतो.

स्त्रियांची तपासणी

घरांतील बायका शेवटीं येतात, किंवा येतच नाहींत. निंदणी-वेचणीचें अर्धें अधिक काम त्यांचें, आणि रक्तही त्यांचेंच कमी. स्तनाची तपासणी हातानें होते. गर्भाशयमुखास सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभरानें पाहतात. पांढरा डाग उठला तर पुढील तपासणीस पाठवितात. यास चिरफाड नाहीं, भूल नाहीं, पांचएक मिनिटें लागतात, आणि सोबत परिचारिका असते. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांनीं पांच वर्षांतून एकदां ही करून घ्यावी. पुरुषांनीं "तिला काय झालें?" हा प्रश्न येथें करूं नये. तो दादांचाच प्रश्न आहे.

कागद पेटींत ठेवून पीक येत नाहीं

आतां एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. सरसकट सर्व निरोगी माणसांच्या सर्व तपासण्या केल्यानें आयुष्य वाढतें काय, याचा शोध परदेशीं घेतला गेला. कोक्रेन या संस्थेनें इ. स. २०१९ त सतरा प्रयोगांतील अडीच लाखांहून अधिक माणसांचा हिशेब मांडला. मृत्यूंच्या संख्येंत फरक आढळला नाहीं. ते प्रयोग बहुतेक अशा देशांतले होते कीं, जेथें माणूस या ना त्या कारणानें डॉक्टरांकडे जात असतो व रक्तदाब मोजलाच जातो. चाळीस वर्षांत एकदांही दंडास पट्टा न बांधलेल्या दादांसारख्यांचा तो हिशेब नव्हे. तरी त्यांतून दोन धडे घेण्याजोगे आहेत. एक, साठ-सत्तर तपासण्यांच्या जाहिराती पाहून पैसे टाकूं नयेत; त्यांत एखादा निरुपद्रवी आंकडा पुढेंमागें निघतो आणि माणूस उगाच फेऱ्यांत सांपडतो. नेमक्या थोड्या तपासण्या, त्या वेळेवर, एवढें पुरे. दुसरा, तपासणी म्हणजे उपचार नव्हे. आम्हीं असे सद्गृहस्थ पाहिले आहेत कीं ज्यांनीं शिबिरांत रक्तदाब मोजविला, तो वाढलेला निघाला, आणि कागद घडी करून पेटींत ठेवला. सातबारा पेटींत ठेवल्यानें शेत नांगरलें जात नाहीं.

आमची स्वतःची गोष्ट अशी. पहिल्या दिवशीं रक्तदाब १५२/९६ निघाला, थोड्या वेळानें १४८/९४. डॉक्टरांनीं आणखी दोन दिवस बोलाविलें; तेव्हांही आंकडा १४० च्या खालीं आला नाहीं. उपाशीं पोटाची साखर ११२. मूत्रपिंडें निर्दोष. आम्हांसही तोंवर कांहीं दुखत नव्हतें. आतां रोज एक गोळी आहे, सकाळीं तासभर चालणें आहे, आणि मीठ दिवसाकांठीं माणशीं एका लहान चमच्याच्या आंत आणलें आहे. म्हणजे लोणचें, पापड आणि ठेच्यावरचें वरचें मीठ सुटलें. रक्तदाब आतां १३० च्या आसपास राहतो. हें सर्व दहा वर्षांपूर्वीं दादांच्या बाबतींत होऊं शकलें असतें. त्यांचें कर्जप्रकरण, त्यांचा फेरफार, त्यांचा विमा, सर्व कागद आम्हींच तहसिलींतून करवून दिले. त्या कामांसाठीं ते वर्षांतून चारदां आमच्याकडे येत. दवाखाना तेथून चालत दहा मिनिटांवर होता. आम्हीं त्यांस एकदांही तेथें नेलें नाहीं.

दादा आतां आठवड्यांतून दोन दिवस डायलिसिसवर असतात. प्रत्येक खेपेस चार तास, शिवाय जाणें-येणें. शेत मक्त्यानें दिलें आहे.

वाचकांस आमची सूचना एवढीच. तुरी निघून गेल्यावर आणि पेरणीची घाई लागण्यापूर्वीं, गुढीपाडव्यास सालगड्याचा जुना हिशेब होऊन नवा ठरतो. त्याच आठवड्यांत घरांतील तिशीवरील प्रत्येक माणसाची तपासणी करावी, आणि सालगड्यास व त्याच्या घरधनिणीस त्या दिवसाची मजुरी न कापतां बरोबर न्यावें. बैलाचे खांदे आपण पोळ्यास शेकतों, मग माणसानें काय पाप केलें? एका वहींत प्रत्येकाच्या नांवें एक पान करावें, आणि तारीख, वजन, कंबर, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन हे आंकडे ओळीनें लिहावे. एका वर्षाचा आंकडा एकटा फारसें बोलत नाहीं. चार वर्षांचे एकाखालीं एक आले म्हणजे चढउतार आपोआप दिसतो. आम्हीं अशी वही यंदा घातली आहे. त्यांत वहिनींचें पान आहे, मुलासुनांचीं आहेत, आमचें आहे. दादांचें पान पहिलें. त्यावर पहिली ओळ चालू वर्षाची आहे, आणि तिच्या वर चाळीस वर्षांची जागा कोरी आहे. कोणाही वाचकाच्या घरच्या वहींत अशी कोरी जागा राहूं नये.